ढगाळ हवामान आणि आकाशदर्शन शिबिर: जावं की नाही?

रेणाकाठ · ९ डिसेंबर, रात्री ९:४०

मिथुन उल्कावर्षावासाठी १३ तारखेच्या रात्री बालाघाटच्या माथ्यावर, आंबेजोगाईपासून जवळच एका शेतात मुक्कामी शिबिर आहे. आमच्या भागातलं एक हौशी मंडळ भरवतंय. माणशी ६०० रुपये, जेवण आणि चहा त्यातच. मी माझ्या आठवीतल्या मुलीचं आणि तिच्या दोन मैत्रिणींचं नाव दिलंय. सोबत मी आहेच.

पण उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय आणि लातुरात कालपासून ऊन असं पडलेलं नाही. अंदाज १३ तारखेलाही ढगाळच दाखवतोय. मंडळ म्हणतं, पाऊस नसेल तर शिबिर होणारच. आज एका मैत्रिणीच्या आईचा फोन आला, "ढगच बघायचे तर गच्चीवरून बघतील की पोरी, त्यासाठी थंडीत बाहेर कशाला?"

माझं मत स्पष्ट आहे, जावं. आमच्या मुलींनी आजवर आकाश बघितलंय ते मोबाइलवरच्या चित्रांत, आणि त्या चित्रांत ढग कधीच नसतात. खरं आकाश बघायचं म्हणजे ते दिसण्याची वाट बघणंही त्यातच आलं, असं मला मनापासून वाटतं. तरी ज्यांनी ढगाळ शिबिरं अनुभवली आहेत त्यांनी सांगा, रात्रभर तुम्ही नेमकं काय केलंत? आणि मुलींना काय सांगून न्यावं?

बालाघाटचा_वारा · ९ डिसेंबर, रात्री १०:१५

रेणाताई, जरूर जा. मिथुनेचा वर्षाव ढगाळ हवेतही थोडाफार हाती लागतो, त्याला कारण आहे. या उल्का सेकंदाला साधारण ३५ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात. नोव्हेंबरातल्या सिंह उल्कावर्षावाच्या उल्कांचा वेग याच्या दुप्पट, ७१. म्हणून मिथुनेच्या उल्का सावकाश जाताना दिसतात आणि त्यात ठळक उल्का बऱ्याच असतात. ढगांचा थर पातळ असेल तर ठळक उल्का त्यातूनही दिसून जाते.

उगमबिंदू, म्हणजे या उल्का जिथून निघाल्यासारख्या दिसतात ती जागा, पुनर्वसूच्या जोडीतल्या कॅस्टर ताऱ्याजवळ आहे. आठच्या सुमारास तो पूर्वेला वर आलेला असतो आणि दोनच्या आसपास डोक्यावर येतो. म्हणजे तुमच्याकडे अख्खी रात्र आहे. एवढ्या वेळात एखादी फट मिळाली तरी पुष्कळ. यंदा चंद्रही लवकर मावळतोय.

मंडळाला मात्र आजच फोन करून विचारा: आभाळ झाकलेलं असेल तर त्या वेळात काय घेणार आहात? ज्यांच्याकडे याचं नेमकं उत्तर असतं त्यांचं शिबिर ढगातही चांगलं होतं. "बघू तेव्हाचं तेव्हा" असं उत्तर आलं तर विचार करा.

तुळजाई · ९ डिसेंबर, रात्री १०:२२

ढग नाव न नोंदवता आलेत. त्यांच्याकडूनही ६०० घ्यायला सांगा :)

पुण्यातला_जालनेकर · ९ डिसेंबर, रात्री ११:०५

माझं मत वेगळं आहे. पुढं ढकलता येत असेल तर ढकलावं. मोठ्या माणसाला हौस असते, तो ढगाखाली बसून राहतो. मुलांचा हा पहिलाच अनुभव. बारा तास कुडकुडून काहीच दिसलं नाही तर पुढच्या वेळी ती येणार नाहीत. माझा पुतण्या असाच एका शिबिराला गेला होता. आयोजकांनी रात्रभर ध्वनिक्षेपकावर भाषणं केली, दुर्बिणीवरची ताडपत्री शेवटपर्यंत काढलीच नाही. पैसेही परत नाहीत. तो पोरगा आता आकाशाचं नाव काढत नाही.

जानेवारीत अमावास्येच्या जवळची एखादी निरभ्र रात्र बघा. मृगातला तेजोमेघ, कृत्तिका, देवयानी दीर्घिका सगळं तेव्हाही असतं. ते कुठं जात नाही.

बालाघाटचा_वारा · ९ डिसेंबर, रात्री ११:३०

@जालनेकर, तेजोमेघ कुठं जात नाही हे खरं. पण उल्कावर्षावाला तारीख असते. पृथ्वी त्या धुळीच्या पट्ट्यातून वर्षातून एकदाच जाते. त्यातही मिथुनेचा जोर कमालबिंदूकडे हळूहळू वाढतो आणि नंतर झपाट्याने उतरतो. त्यामुळे राखीव रात्र ठेवायचीच असेल तर आदल्या दिवसाची, १२ तारखेची ठेवावी. पुतण्याच्या शिबिराबद्दल तुमचा राग रास्त आहे. तिथं ढगांपेक्षा आयोजक कमी पडले.

अवांतर: बहुतेक वर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात. हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा मानतात. तो १९८३ मध्ये सापडला, वर्षाव त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता.

हवामान_वही · १० डिसेंबर, सकाळी ७:५०

परभणीहून. टक्केवारीवर जाऊ नका. '८० टक्के ढगाळ' म्हणजे सलग पांघरलेलं आभाळ की मधूनमधून फटी, हे त्या आकड्यातून कळत नाही.

ढग कोणते, ते बघायचं. जमीन तापून दुपारी फुगतात ते ढग सूर्य मावळला की विरायला लागतात. तसे असते तर निर्धास्त जा म्हटलं असतं. आत्ता आहेत ते पूर्वेकडून आलेल्या ओलाव्याचे मधले आणि वरचे थर. ते रात्र झाली म्हणून विरत नाहीत, वाऱ्याबरोबर सरकतात. २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस फेंजल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला धडकलं, त्यानंतर आपल्याकडे थंडी गायब होऊन आभाळ असंच भरलं होतं.

इथल्या कृषी विद्यापीठाचं हवामान पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं, ते बघा. पण ते पिकांसाठी असतं, रात्रीच्या दोन तासांच्या फटीचं त्यात काही नसणार. त्यासाठी १३ च्या संध्याकाळपासून इन्सॅट उपग्रहाची अवरक्त (उष्णतेवरून टिपलेली) चित्रं बघत राहा, ती रात्रीही मिळतात. मागची चार-पाच चित्रं ओळीने लावली की थराची कड कुठल्या दिशेला सरकतेय ते डोळ्यांना कळतं. ते कामही मुलींना द्या. कड डोक्यावर कधी येईल याचा अंदाज त्यांनाच बांधू दे.

कोरडवाहू · १० डिसेंबर, सकाळी ९:१०

केजकडचा आहे. वाचून बरं वाटलं, पण एक सांगतो. आपल्या भागात ढगांना नावं ठेवताना माझी जीभ रेटत नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. २०१५ ला आणि परत २०१९ ला तेव्हाच्या औरंगाबादेतून विमानं उडवून ढगांत फवारणी केली, का तर पाऊस पडावा. मी तेव्हा रोज मान वर करून ढग हुडकायचो. चांदणं लई पडायचं त्या सालात, रात्री आभाळ निस्तं लखलखीत. बघून पोटात गोळा यायचा.

पोरींना हे पण सांगा. इथल्या माणसासाठी निरभ्र आभाळ दरवेळी आनंदाचं नसतं.

धारूरघाट · १० डिसेंबर, सकाळी ९:४५

@कोरडवाहू दादा, जुलैच्या ढगाला माझाही नमस्कार. पण हे डिसेंबरातलं ढगाळ कुणाच्या कामाचं? तूर शेंगात आहे, हरभरा फुलावर येतोय. असं आभाळ आठवडाभर राहिलं की घाटेअळी वाढते, फवारणीचा खर्च आलाच. परवा अर्धा दिवस शेंगा तपासत हिंडलो. या ढगाचा राग शेतकऱ्याला आणि तारे बघणाऱ्याला सारखाच येणार.

कोरडवाहू · १० डिसेंबर, सकाळी १०:०२

हाव, ते खरंय. माझ्याही तुरीत अळी दिसायलीय.

मास्तर_किनवट · १० डिसेंबर, दुपारी १:२०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. मुलांना घेऊन रात्रीचं आकाश दाखवायचं काम बरीच वर्षं करतोय, आणि त्यातल्या ढगाळ रात्री काढून टाका असं कुणी म्हटलं तर मी देणार नाही. का ते सांगतो.

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला पावसाची नक्षत्रं पाठ असतात. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा. वाहन कोणतं, बेडूक की म्हैस, तेही सांगतात. पण 'मृग लागला' म्हणजे आकाशात काय झालं, हे विचारलं की सगळे गप्प. जूनमध्ये सूर्य त्या नक्षत्राच्या भागात येतो. म्हणजे ते तारे सूर्यासोबत उगवणार, सूर्यासोबत मावळणार. ज्या दिवसांत मृगाचं नाव घराघरांत असतं, त्याच दिवसांत मृग दिसत नाही. आणि डिसेंबरात सूर्य समोरच्या बाजूला गेलेला असतो म्हणून तो संध्याकाळी उगवून रात्रभर आकाशात असतो. हे मी ढगाळ रात्रीच शिकवतो. मध्ये कंदील, तो सूर्य. भोवती मुलं, एकेक जण एकेक नक्षत्र. एकाने पृथ्वी होऊन फिरायचं आणि कंदिलाच्या पलीकडे कोण झाकलं जातंय ते ओरडून सांगायचं. आभाळ मोकळं असेल तर मुलं हे ऐकून घेत नाहीत, त्यांना दुर्बीण हवी असते. बरोबरच आहे त्यांचं.

दुसरं, आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना बोलवा. आमच्याकडे सप्तर्षीच्या चौकोनाला म्हातारीची बाज म्हणतात आणि मागचे तीन तारे ती बाज पळवणारे चोर. मृगाच्या तीन ताऱ्यांना तिकांडं. शुक्राची चांदणी उगवली की मोट धरायची, असं घड्याळ होतं. हे सांगायला म्हाताऱ्या माणसाला तारे दिसायची गरज पडत नाही, तो हात वर करून जागा दाखवतो.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उजेडाचं प्रदूषण बघायला ढगाळ रात्रीसारखी रात्र नाही. गावांचा उजेड ढगांच्या पोटावर पडतो. आमच्या जंगलात डोक्यावरचे ढग आकाशापेक्षा काळे दिसतात, पण आदिलाबादच्या बाजूला क्षितिजावर पांढुरका पट्टा येतो. कागदावर गोल काढायचा, दिशा लिहायच्या, कुठल्या गावाचा उजेड किती वर चढलाय ते भरायचं. तुम्हाला बालाघाटावर दक्षिणेकडे लातूर दिसेल, जवळ आंबेजोगाई. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं अंधारं आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली. तसं काही मराठवाड्यात व्हावं असं मला फार वाटतं, आणि त्यासाठी लागणाऱ्या नोंदी अशा रात्रींतूनच जमतील.

पुण्यातला_जालनेकर · १० डिसेंबर, दुपारी २:०५

मास्तर, प्रतिसाद आवडला. कंदिलाचा खेळ आमच्या सोसायटीतल्या मुलांना करून दाखवणार. मूळ मुद्द्यावर अजून ठाम आहे: सगळ्या आयोजकांकडे तुमच्यासारखी तयारी नसते.

पैठणी_धागा · १० डिसेंबर, दुपारी ३:३०

२२ जुलै २००९ चं खग्रास ग्रहण बघायला आम्ही सुरतेला गेलो होतो. ऐन पावसाळा. पहाटेपासून आभाळ गच्च, मधून भुरभुर. सूर्याचा ठिपकासुद्धा दिसला नाही. तरी सांगते, साडेसहाच्या जरा आधी जो अंधार उतरला तो मी विसरणार नाही. पश्चिमेकडून ढग काळे पडत आले. रस्त्यावरचे दिवे लागले, पक्ष्यांचा आवाज बंद झाला. तीनेक मिनिटं पूर्ण काळोख, आणि मग पूर्वेची बाजू सोडून उजेड भलत्याच बाजूने परत आला. चंद्राची सावली आपल्यावरून जाते हे मी पुस्तकात वाचलं होतं, तिथं ती ढगांवरून सरकताना बघितली. निरभ्र आकाशात सगळ्यांची नजर सूर्यावर असते, सावलीकडे कोण बघतं?

त्याच दिवशी बिहारमध्ये तारेगणाला देशभरातून लोक जमले होते. तिथंही ढगच.

गोदातीर · १० डिसेंबर, दुपारी ४:१५

ग्रहणाचा विषय निघालाच आहे तर ल जेंतीलची गोष्ट सांगायलाच हवी. फ्रेंच खगोलज्ञ. १७६१ चं शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून ठिपक्यासारखा सरकताना, बघायला पुदुच्चेरीला निघाला. वाटेत कळलं, इंग्रजांनी पुदुच्चेरी घेतलं. अधिक्रमणाच्या दिवशी तो समुद्रात, हलणाऱ्या जहाजावर. मोजमाप कसलं होणार? पुढचं अधिक्रमण आठ वर्षांनी, १७६९ मध्ये. गडी परत गेलाच नाही. हिंदी महासागरात राहिला, शेवटी पुदुच्चेरीला येऊन वेधशाळा उभारली. तिथं तमिळ पद्धतीने ग्रहणाचं गणित कसं करतात तेही शिकला. जूनमधली ती सकाळ उजाडली आणि नेमके ढग आले. अधिक्रमण संपल्यावर ऊन पडलं. मायदेशी पोचला तर तो मेला असं ठरवून वारसांनी मालमत्तेवर हक्क सांगितलेला.

पण पुढचंही सांगायला पाहिजे, ते बहुतेक जण सोडून देतात. त्याला फ्रान्सच्या विज्ञान अकादमीतली जागा परत मिळाली, लग्न झालं, मुलगी झाली. आणि हिंदी महासागरातल्या प्रवासावर त्याने जे लिहून ठेवलं ते आजही अभ्यासक वाचतात.

६ जून २०१२ च्या अधिक्रमणाला नांदेडला आमच्याकडेही सकाळी ढग होते. नऊच्या सुमारास मधूनमधून उघडलं आणि काळ्या चष्म्यातून सूर्यावरचा तो ठिपका घरातल्या सगळ्यांना दिसला. माझी आजी तेव्हा होती, तिलाही दाखवला. पुढचं अधिक्रमण डिसेंबर २११७ मध्ये आहे.

कन्नडकर · १० डिसेंबर, सायंकाळी ५:००

अवांतर होईल, पण गौताळ्याच्या पलीकडे पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख त्यात आहे. ढगाळ दिवशी तिथंच एक सहल काढा कुणीतरी. भास्कराचार्य त्याच परिसरातले.

बिंदुसरा · १० डिसेंबर, सायंकाळी ५:१२

त्याच परिसरातले असं ठरून गेलं का? त्यांनी स्वतः गाव 'विज्जलवीड' सांगितलंय, आणि बीडकरांचा त्यावर हक्क आहे.

कन्नडकर · १० डिसेंबर, सायंकाळी ५:१५

नातवाचा मठ पाटण्याला आणि आजोबा बीडचे?

बालाघाटचा_वारा · १० डिसेंबर, सायंकाळी ५:३०

दोघांनाही विनंती, याचा वेगळा धागा काढा. मी त्यावर नक्की लिहीन. इथं रेणाताईंचा प्रश्न १३ तारखेचा आहे.

गोदातीर · १० डिसेंबर, रात्री ८:४०

मग कामाचं सांगतो. उल्का ढगांच्या वर, ८० ते १०० किलोमीटर उंचीवर जळतात, आणि त्यांच्या वाटेवरची हवा क्षणभर विद्युतभारित होते. त्या रेघेवरून रेडिओच्या लहरी परततात. म्हणजे ढग असले तरी उल्का ऐकता येतात.

लागतो तो साधा एफएम रेडिओ. गाडीतला उत्तम. आपल्या भागात जिथं कोणतंच केंद्र लागत नाही अशी जागा काट्यावर शोधायची, पण त्याच जागेवर हजारेक किलोमीटर दूरचं एखादं मोठं केंद्र असावं लागतं. निस्ती खरखर ऐकत बसायचं. उल्का गेली की त्या खरखरीतून त्या केंद्राचा आवाज अर्धा-एक सेकंद उमटतो. कधी गाण्याचा तुकडा, कधी बोलण्यातला एखादा शब्द. मोठी उल्का असेल तर जरा जास्त वेळ. मी एकदा तमिळ बातम्यांतलं अर्धं वाक्य ऐकलंय. शहरात काटा रिकामा सापडत नाही, पण बालाघाटावर भरपूर जागा मिळेल. दिशेचा अँटेना असेल तर आणखी चांगलं, नसला तरी चालतं.

नागनाथ_फाटा · १० डिसेंबर, रात्री ९:२५

औंढ्याहून नमस्कार. आमच्याकडे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी (अवकाशातल्या मोठ्या घडामोडींनी अवकाशात उठणारे तरंग) पकडणारी वेधशाळा होणार आहे, तिला तर ढगांशी घेणं-देणंच नाही. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात. गुरुत्वीय लहर आली की त्यांची लांबी प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी इतकी बदलते, आणि तेवढा बदल लेझरने पकडायचा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेत दोन शोधयंत्रं आहेत, इटलीत आणि जपानमध्ये एकेक. त्यांच्यापासून इतक्या दूर, आपल्याकडे एक उभं राहिलं की लहर आकाशाच्या कुठल्या भागातून आली ते जास्त नेमकं सांगता येईल.

पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ ला पकडली गेली. ती दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याची होती. ते आकाश कितीही निरभ्र असतं तरी डोळ्यांना दिसलं नसतं.

पोरींना हिंगोली जिल्ह्याचं नाव सांगा ताई. आपल्याकडं काय येऊ घातलंय हे त्यांना शाळेत कुणी सांगितलेलं नसतं.

तुळजाई · १० डिसेंबर, रात्री ९:४०

दुर्बिणीचं काय? ती बंदच ठेवायची का रात्रभर?

बालाघाटचा_वारा · १० डिसेंबर, रात्री १०:००

मुळीच नाही. आठ इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) असेल तर ढगाळ वेळातच ती उघडून दाखवावी. मुख्य आरसा कुठं, आडवा छोटा आरसा कुठं, प्रकाश कसा वळतो. मग दोन्ही आरसे एका रेषेत आणायचे. मुलांना हे करू द्यायला लोक घाबरतात, पण स्क्रू फिरवल्याने आरसा बिघडत नाही, फक्त बोटं आरशाला लावायची नाहीत. लांबच्या मोबाइल मनोऱ्याचा लाल दिवा पकडून फोकस करायला लावा. आरशाचं नाभीय अंतर १२०० मिलिमीटर आणि आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) २५ मिलिमीटरचा असेल तर किती पट दिसेल? ४८. दहाचा लावला तर १२०. हे गणित मुलींनी स्वतः केलेलं असलं की फट उघडल्यावर कुठला आयपीस लावायचा हे विचारावं लागत नाही. मी सांगतो, फट पाच मिनिटांची असते आणि ज्याचे हात आधी बसलेले असतात त्यालाच काहीतरी दिसतं.

रेणाकाठ · ११ डिसेंबर, सकाळी ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. मंडळाला फोन केला. ढग असतील तर आरसा घासून दुर्बीण कशी बनवतात ते दाखवणार आहेत, आरशाची काच आणि कार्बोरंडम (घासायची कठीण पूड) आणून ठेवलंय म्हणाले. मुलींच्या झोपण्याची सोय शेतातल्या घरात, स्वतंत्र स्वच्छतागृह आहे, दोन शिक्षिका सोबत आहेत. माझ्या दृष्टीने हे तारे दिसण्याइतकंच महत्त्वाचं होतं आणि त्यांनी न विचारता सांगितलं.

एका मैत्रिणीच्या घरच्यांनी नाही म्हटलं. त्यांच्यावर रुसण्यासारखं काही नाही, थंडीतलं पोर आहे. दुसरी येतेय. मुलींना मी एवढंच सांगितलंय की आपण उल्का मोजायला चाललोय, आणि उल्का दिसल्याच नाहीत तर ढग किती होते ते मोजून आणायचं.

हवामान_वही · १३ डिसेंबर, सायंकाळी ७:१५

रेणाताई, नेटवर्क असेल तर बघा. थराची मागची कड नळदुर्गच्या पलीकडे दिसतेय आणि ईशान्येला सरकतेय. मध्यरात्रीनंतर तुमच्याकडे फटी निघायला हव्यात. झोपू नका.

रेणाकाठ · १४ डिसेंबर, रात्री ८:५०

हवामान_वही, तुमचा निरोप वाचून दाखवला आणि अख्खं शिबिर जागं राहिलं.

बारापर्यंत आभाळ बंदच. तोवर आरसा घासणं झालं. काचेवर काच फिरवायची, आठ आकड्यात हात न्यायचा. मुलींचे हात काळे आणि तोंडं खूश. मास्तरांचा कंदिलाचा खेळ केला. उजेडाच्या नकाशात लातूरचा पट्टा सगळ्यांना दिसला, पण ईशान्येला एक उजेड होता तो कुठल्या गावाचा यावर वाद झाला, मिटला नाही. रेडिओवर तासभरात तीन-चार तुकडे उमटले, पण त्यातले उल्केचे किती आणि इतर कशाचे किती, मला ठरवता आलं नाही.

दोन वाजून पाच मिनिटांनी पुनर्वसूच्या भोवती आभाळ फाटलं. पावणेतीनपर्यंत निम्मं उघडं, निम्मं झाकलेलं. लेकीच्या वहीत १९ उल्का, मैत्रिणीच्या वहीत १७. एक इतकी ठळक होती की ढगाच्या आतून गेली तरी थर पूर्ण उजळला, आणि त्याच वेळी अंधारातून ओरडण्याचा आवाज आला तो शेजारच्या रानात पाणी द्यायला आलेल्या माणसाचा. तोही मग येऊन बसला. न आलेल्या मैत्रिणीची आई सकाळी विचारत होती, पुढचं कधी आहे.

लेक विचारतेय, ही वही कुठं पाठवता येते का? निम्मं आकाश झाकलेलं होतं म्हणून ती बाद धरतात का?

पुण्यातला_जालनेकर · १४ डिसेंबर, रात्री ९:०५

अभिनंदन दोघींचं. असे आयोजक असतील तर माझा पुतण्याही पाठवतो, जानेवारीत काही असेल तर कळवा.

बालाघाटचा_वारा · १४ डिसेंबर, रात्री ९:३०

बाद अजिबात नाही. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी घेते, आणि ढगांसाठी त्यात दुरुस्ती ठेवलेली आहे. नजरेच्या टापूतला किती भाग झाकला होता तो आकडा घ्यायचा, समजा k. मग १ भागिले (१ वजा k) हा गुणक. निम्मं झाकलेलं असेल तर गुणक २ येतो. गुणक जितका मोठा तितकी नोंद कच्ची, पण ती कच्ची आहे हे आकड्यातच दिसतं, म्हणून ढग प्रामाणिकपणे लिहायचे. दर पाच-दहा मिनिटांनी लिहिले होते का?

रेणाकाठ · १४ डिसेंबर, रात्री ९:४१

हो, दर पाच मिनिटांनी. मंडळातल्या शिक्षिकांनीच करून घेतलं. दोघींची बेरीज ३६ लिहायची का?

बालाघाटचा_वारा · १४ डिसेंबर, रात्री ९:५५

नाही, बेरीज नको. एकच उल्का दोघींनी बघितलेली असणार. प्रत्येकीची नोंद तिच्या नावाने स्वतंत्र जाते. मिथुनेची उल्का कोणती आणि भलतीकडून आलेली कोणती, हे वेगळं केलं असेल तर तसं लिहा. उगमबिंदूकडे मागे रेघ ओढून बघितली की कळतं. मध्ये चहाला उठल्या असतील तर तेवढी मिनिटं वजा करा. सर्वांत अंधुक तारा किती प्रतीचा (तेजाच्या श्रेणीचा) दिसत होता तेही लागतं. त्यासाठी नेमून दिलेल्या त्रिकोणातले तारे मोजायचे असतात. ते केलं नसेल तर शिक्षिकांना विचारा, त्यांच्या वहीत असेल.

आणि वेळ भारतीय वेळेत भरू नका, जागतिक वेळ लागते. साडेपाच तास वजा करायचे. २:०५ ते २:४५ म्हणजे २०:३५ ते २१:१५, आणि तारीख १४ नव्हे, १३ डिसेंबर.